काळ्या मातीला कुठला टायर?

भाच्यानं गेल्या वर्षी जुनी बोलेरो घेतली. गाडी नावावर व्हायच्या आतच त्याचा फोन आला, "मामा, टायर बदलाचे हायेत. कोणते टाकू?" तो नागपुरात नोकरी करतो, वावर आर्वी तालुक्यात. दर शनिवारी समृद्धी महामार्गावर चढायचं, विरुळच्या इंटरचेंजला उतरायचं, मग थोडं डांबरी आणि शेवटी दोन किलोमीटर पांदण. सोबत त्यानं एका टायरचा फोटो पाठवला होता. मुठीएवढे रबराचे गट्टे, मधे बोट जाईल अशा खाचा, कडेला पांढऱ्या जाड अक्षरांत नाव. दुकानदारानं म्हणे सांगितलं होतं, "हायवेलेही चालते अन् चिखलातही चालते."

माझं भांडण या 'ही'शी आहे. या एका अक्षरावर आज वर्ध्यापासून पुण्यापर्यंत लाखो रुपयांचं रबर विकलं जातं.

भाच्याच्या शनिवारचा हिशेब मांडला. जाण्याचे शंभर किलोमीटर धरले, तर त्यात पांदणीचे दोन. उरलेले अठ्ठ्याण्णव सिमेंट नाही तर डांबर. पण टायर घेताना डोळ्यांपुढे येतात ते नेमके हेच दोन. ते साहजिक आहे. अठ्ठ्याण्णव किलोमीटरवर काही घडत नाही म्हणून ते आठवत नाहीत. दोन किलोमीटरवर गाडी फसते, लोक जमतात, बायको बोलते, म्हणून ते लक्षात राहतात. आपण टायर आठवणींवरून निवडतो, अंतरावरून नाही. आणि थोडं स्वतःच्या प्रतिमेवरूनही. नागपूरच्या रस्त्यांवर मड टेरेन टायर घातलेल्या चकचकीत जीपगाड्या पाहा. त्यांतल्या कितींच्या खाचांत कधी माती गेली असेल?

बाजारात ढोबळ तीन जाती. हायवे टेरेन, म्हणजे एचटी: दाट नक्षी, अरुंद खाचा. मड टेरेन, म्हणजे एमटी: मोठे सुटे गट्टे, रुंद खाचा. आणि या दोघांमधली ऑल टेरेन, एटी, जिच्या नावातच सगळी भुई जिंकल्याचा दावा आहे. नक्षी म्हणजे दुसरं काय, रबर आणि रिकामी जागा यांची वाटणी. रबर जास्त तर कडक रस्त्यावर पकड जास्त; जागा जास्त तर चिखलाला बाहेर पडायला वाट जास्त. एकाच चाकाच्या घेरात दोन्ही वाढवता येत नाहीत. एटी हा या दोघांतला तह आहे, आणि तह म्हटला की दोन्ही बाजूंना काहीतरी सोडावं लागतं. ओल्या डांबरावर ब्रेक मारल्यावर एटी एचटीपेक्षा उशिरा थांबते, आवाज करते, थोडं जास्त डिझेल पिते. जाता जाता एक गंमत: कित्येक एटी टायरांच्या बाजूला डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं. बर्फातल्या चाचणीत तो उतरल्याची ती खूण. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या वर्ध्यात लोक तिच्यावर कौतुकानं हात फिरवतात.

आता त्या अठ्ठ्याण्णव किलोमीटरचं. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा तुकडा जोडला जाऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. वर्धा जिल्ह्यातून तो सेलू, वर्धा, आर्वी असा जातो. उतरायला येळाकेळी आणि विरुळ. मोटारींना ताशी १२० ची मुभा. या रस्त्यानं टायरचं आयुष्यच बदललं. जुन्या वाटेनं जाताना गावं लागायची, गतिरोधक लागायचे, रेल्वे फाटक लागायचं, चहाची टपरी लागायची. आपण त्या खोळंब्याला शिव्या घालायचो, पण त्या खोळंब्यातच टायर निवायचा. समृद्धीवर त्याला निवायला कारणच मिळत नाही.

बोलेरोचा मूळ टायर २१५/७५ आर १५. म्हणजे उंची साधारण ७०३ मिलिमीटर, घेर सव्वादोन मीटरच्या जरा आत. गाडी शंभराच्या वेगावर धरली तर असं चाक सेकंदाला साडेबारा फेरे घेतं. प्रत्येक फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग जमिनीशी येताना दबतो आणि सुटताना सरळ होतो. तार वाकवत राहिली की गरम होते, तसंच. हवा कमी असेल तर हे वाकणं वाढतं, बाजूची भिंत तापते, आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात, आणि मग तो आवाज येतो ज्याला आपण 'टायर फुटला' म्हणतो. आणि आपल्याकडे काय करतात? उन्हाळ्यात हवा फुगते म्हणून मुद्दाम चार-पाच पीएसआय कमी भरतात. हे अगदी उलटं आहे. धावताना दाब वाढणार हे धरूनच कंपनीनं दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत आकडा दिलेला असतो, आणि तो थंड टायरचा असतो. सकाळी, गाडी हलायच्या आधी मोजायचा. नायट्रोजनवर पैसे घालायचे तर घाला. साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

१ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ जण गेले. त्यांत आमच्या वर्ध्याचेही होते. चालकानं टायर फुटल्याचं सांगितलं होतं. परिवहन विभागाच्या पाहणीत मात्र टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण टायर हा आपल्याकडचा सोयीचा आरोपी आहे. झोप, वेग, थकवा यांचा माग राहत नाही. फाटलेलं रबर दाखवता येतं. पण म्हणून टायर निर्दोष ठरत नाही. त्याच वर्षी महामार्गाच्या तोंडावर टायर तपासायला सुरुवात झाली, आणि घासून गुळगुळीत झालेले टायर घेऊन लोक एवढ्या लांबच्या रस्त्यावर चढत होते हे उघड झालं. मोटारीच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानंच टायर बाद. खाचेत आडवी उंचवट्याची पट्टी असते, नक्षी तिच्या पातळीला आली की झालं. माझ्या ओळखीत ही पट्टी पाहणारा माणूस एकच आहे, आणि तो एसटीत होता.

पावसाळ्यात आणखी एक हिशेब. १९६० च्या दशकात नासाच्या संशोधकांनी विमानांच्या चाकांवरून एक ढोबळ सूत्र काढलं: साचलेल्या पाण्यावर चाक कुठल्या वेगाला जमीन सोडून तरंगू लागेल, ते हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. ३२ पीएसआयला तो वेग ताशी ९४ किलोमीटर निघतो. २२ पीएसआयला ७८. नक्षी चांगली असेल, पाणी कमी असेल, तर मोटारीला याहून बरीच सूट मिळते. पण आकड्यांचा कल ध्यानात घ्यावा. चिखलासाठी हवा सोडून वावरात गेलेला माणूस, परतताना ती न भरताच समृद्धीवर चढला, तर तो उन्हाळ्यात टायर जाळतोय आणि पावसाळ्यात होडी चालवतोय.

उरले ते दोन किलोमीटर. मोठ्या खाचांच्या टायरची जाहिरात बहुधा वाळूत, खडकात, नदीच्या पात्रात केलेली असते. वर्ध्याची काळी माती ही वेगळी जात आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसून हात जाईल अशा भेगा पाडते. पहिल्या सरीनंतर वरचा बोटभर थर लोण्यासारखा होतो आणि खाली कडक राहते. गाडी फसत नाही, घसरते. आठ दिवसांच्या झडीनंतर तळच लागत नाही. आणि दोन्ही वेळा ती माती टायरच्या खाचेत शिरते ती निघत नाही. चार फेऱ्यांत तुमच्या महागड्या एटीचा गुळगुळीत काळा लाडू होतो. एमटीच्या रुंद खाचा माती फेकून देतात हे खरं, पण त्यासाठी चाक जोरात फिरावं लागतं, आणि काळ्या मातीत जोरात फिरलेलं चाक म्हणजे खड्डा खणायचं यंत्र. शिवाय पांदणीत खरा अडसर टायरच्या नक्षीचा नसतोच. ट्रॅक्टरनं दोन्हीकडे खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात, मधे उंचवटा. तुमची चारही चाकं चाकोरीत आणि पोट उंचवट्यावर टेकलं की टायर कुठलेही असोत, ते हवेतच फिरणार.

मी स्वतः सेलूकडच्या एका पांदणीत असा बसलो होतो. ट्रॅक्टरवाला आला, खाली वाकून माझे नवे टायर पाहिले आणि म्हणाला, "भाऊ, टायर मस्त हायेत. पन हे काई टायरचं काम नोहे." दोर लावून त्यानं पाच मिनिटांत गाडी ओढली. पैसे घेतले नाहीत. शिकवणी मात्र दिली.

त्या मातीत कोण चालतं ते पाहिलं की उत्तर कळतं. ट्रॅक्टरचं मागचं चाक रुंद, माणसाच्या खांद्याला येईल एवढं, हवा मोटारीच्या निम्मी, तिरप्या उंच दांड्या. ते चिखलावर पसरून चालतं. बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, चाक अगदी उलट: उंच, पण अरुंद, वरून लोखंडी कडी. ते चिखल कापत खालच्या कडक थरावर जाऊन टेकतं. त्या कडीला आपल्या भाषेत शब्द आहे 'धाव'. लोहार ती तापवून लाल करी, सुताराच्या लाकडी चाकावर चढवी, पाणी ओती, आणि आकसताना ती चाकाला आवळून बसे. धाव म्हणजे आपला टायर. आणि तो टायर एकाच मातीसाठी केलेला होता. त्यानं कधी 'हीही आणि तीही' असं म्हटलं नाही. डांबरी रस्ते आले तेव्हा हीच धाव रस्ता कापते अशी ओरड झाली आणि बंडीखाली रबर आलं. ट्रॅक्टर पसरतो, बंडी कापते. मोटारीचा टायर ना धड रुंद, ना धड अरुंद. त्याला दोन्ही जमत नाही.

या जिल्ह्यात हा प्रश्न नवा नाही. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी वर्ध्याहून शेगावला राहायला गेले. हेच शेगाव पुढे सेवाग्राम झालं. अंतर पाच मैल, आणि रस्ता असा की पावसात सगळा काळा चिखल. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई काही काळ वर्ध्यातल्या मगनवाडीत राहून रोज पायी ये-जा करत, भर उन्हातही. जमनालाल बजाजांच्या एका जुन्या फोर्डला पुढे बैल जुंपून पाहुण्यांना नेत, आणि ऑक्स म्हणजे बैल म्हणून थट्टेनं तिला 'ऑक्सफर्ड' म्हणत, असं त्या काळच्या आठवणींत सांगतात. मला हे वाहन फार आवडतं. खाली रबर, वर मोटारीची गादी, पुढे चार खुरांचं इंजिन. ऑल टेरेन गाडी म्हणायची तर तीच! आणि तिलाही ताशी १२० चा मोह नव्हता.

इथं भाच्याचा आक्षेप रास्त होता, आणि तो मी टाळू शकत नाही. तो म्हणाला, "मामा, तुम्ही म्हनता गाडी डांबरीवर ठेवा अन् पायी जा. खताच्या बॅगा कोन नेईन? आजी पडली वावरात त?" खरं आहे. बोर व्याघ्र प्रकल्पात पावसाळ्यात सफारी बंद ठेवून वनखात्यानं हा प्रश्न सोडवला आहे. चिखलात जिप्सी घालायचीच नाही, बस. शेतकऱ्याला तशी सुट्टी नाही. नेमकं पावसातच त्याचं डवरणं, खत, फवारणी. शहरातल्या हौशी माणसाला 'पायी जा' म्हणणं सोपं आहे, शेतकऱ्याला म्हणणं उद्धटपणाचं.

पण म्हणूनच मला वाटतं की आपण चुकीच्या दुकानात शिरलो आहोत. पांदण ही रस्त्याची गोष्ट आहे, टायरची नाही. समृद्धीवर पंचावन्न हजार कोटींच्या वर खर्च झाला. तिला जोडून, तिच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर, अशा पांदणी आहेत ज्यांच्यावर मुरुमाची पाटी पडलेली नाही. शेत-पाणंद रस्त्यांसाठी राज्यानं २०२१ मध्ये 'मातोश्री' या नावानं योजना काढली, रोजगार हमीला जोडली. काही गावांत कामं झाली, काही ठिकाणी शेजाऱ्यानं धुरा कोरून पांदण गिळली आहे आणि मोजणीवर घोडं अडलं आहे. खडीमुरूम टाकून, बाजूला नाली काढून, पाणी वाहतं ठेवलं तर त्याच पांदणीवर साधा एचटी टायर बारा महिने जातो. नाली नसेल तर जगातला कुठलाही टायर जुलैत जात नाही. प्रत्येक घरानं साठ-सत्तर हजारांचं रबर घेऊन आपापला रस्ता आपापल्या चाकावर बांधायचा, हे सार्वजनिक कामाचं खासगीकरण झालं, आणि तेही न चालणारं. ज्या ट्रॅक्टरला ती माती कळते त्याला समृद्धीवर बंदी, आणि ज्या मोटारीला समृद्धी कळते तिनं मातीतही चालावं, हा हट्ट.

तरी टायर घ्यायचेच होते. मी एटीच्या पार विरोधात आहे असं भाच्याला वाटत होतं, पण तसं नाही. आमच्या जिल्ह्यात एटीचं एक खरं कारण आहे, फक्त ते चिखल नाही. तुरीचं आणि पऱ्हाटीचं पीक कापलं की जमिनीत तिरपी धसकटं उरतात, भाल्याच्या टोकासारखी. वावराच्या कडेनं गाडी फिरवली की ती टायरच्या बाजूत घुसतात. बाजूला चीर गेली तर पंक्चरवाला हात जोडतो. तिथं जोड चालत नाही. वर बाभळीचे काटे आणि रस्त्यांच्या कामांची टोकदार गिट्टी. जाड बाजूचा, मध्यभागी सलग नक्षी असलेला सौम्य एटी याला बरा टिकतो. म्हणजे घ्यायचा तर काट्यासाठी घ्यावा, गाऱ्यासाठी नाही.

माप मात्र मूळचंच. दुकानदार २३५/७५ आर १५ सुचवतात, गाडी उंच दिसते म्हणून. त्यानं चाक सव्वाचार टक्के मोठं होतं; मीटर अचूक असेल तर काटा ११५ वर असताना गाडी १२० ला असते, आणि समृद्धीवरचा कॅमेरा तुमच्या काट्याकडे पाहत नाही. जड बांधणीचे टायर घेतले तर तेवढ्याच वजनाला जास्त हवा लागते, हेही कुणी सांगत नाही. आणि तारीख. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. मला एकदा एका दुकानात 'नवेकोरे' म्हणून चार टायर दाखवले, त्यांतले दोन पाच वर्षं गोदामात झोपलेले निघाले. दुकानदार हसून म्हणाला, "रबर काय नासतं का साहेब?" नासतं. न चालवताही कडक होतं. स्टेपनी हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. सात वर्षं कुणी न पाहिलेली, आणि नेमकी समृद्धीवर रात्री दीड वाजता आठवलेली.

शेवटी भाच्यानं एटीच घेतले. मूळ मापाचे, पाच, एकाच महिन्याचे. सोबत हवेचा छोटा पंप आणि दाबमापक, हे माझ्या हट्टानं. जुलै-ऑगस्टभर गाडी डांबरीवरच्या चिंचेखाली उभी राहिली, खताच्या बॅगा शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर गेल्या. मग ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी, त्याचा फोन. गाडी थेट विहिरीपर्यंत नेली होती, फोटोत मागे सोयाबीनची गंजी. आवाजात विजय होता. टायरनंच नेलं, असं तो आजही सांगतो. मी त्याला विचारलं, शेवटचा पाऊस कधी झाला होता? आठवून म्हणाला, पंधरा-सोळा दिवस झाले असतील.